ओठावरची रुई

अकोटात राहत असान त तुमी मले पाह्यलं नसन, पण ऐकलं नक्कीच असन. दुपारी जेवून जरासा डोळा लागत येते अन् खिडकीखालून ऑटो जाते, "या, या, या! फक्त तीन दिवस! साड्यांचा महासेल!" तवा तुमी झोपेत ज्याले शिवी देता न, तो मी. ऑटो चालवणारा वेगळा, भोंग्यातला आवाज माहा. कागदावर माहं नाव निलेश हाये, पण त्या नावानं मले माही मायसुद्धा हाक मारत नाई. सारं गाव 'रेडिओ' म्हणते.

दिवाळी अंकवाल्या साहेबाचा फोन आला, म्हणे धंद्यातले अनुभव लिहा. मी म्हटलं, साहेब, अजून माहं लग्न नाई झालं, अनुभव कुठून आणू? म्हणे, लिहा तुमच्या भाषेत. म्हटलं, पाहा बरं, माही भाषा छापाले घेतली त तुमचा मुद्रितं तपासणारा नोकरी सोडून जाईन. म्हणे जाऊ द्या. त आता तुमी अन् तो पाहून घ्या.

मिमिक्री म्हंजे काय, हे आंधी सांगतो. लोकाईले वाटते गळ्याचं काम हाये. गळा त साऱ्याइलेच हाये. हे काम कानाचं. माणूस काय बोलते ते ऐकाचं नाई. बोलाच्या आंधी काय करते अन् बोलता बोलता कुठं थांबते, ते ऐकाचं. आमच्या शाळेचे हेडसर 'विद्यार्थी मित्रहो' म्हणाच्या आंधी चष्मा काढून टेबलावर ठेवत. मी एक दिवस वर्गात नुसता तो 'टक्' आवाज काढला, त अख्खा वर्ग उभा राह्यला. मले वाटलं, जमली राजा कला. पाह्यलं त सर माह्या मांगंच उभे. त्या दिवशी दोन गोष्टी समजल्या. सरचा आवाज टेबलात हाये, अन् छडी हातात.

आता काम म्हणसान त कसं बी. साड्यांचा सेल, हरवलेली बकरी, नळाले पाणी येणार नाई, लग्नाचं स्टेज, गॅदरिंग. रेकॉर्डिंग कराले अकोल्याले जावं लागते. जठारपेठेत एका दुकानाच्या मांगं खोली हाये, भिंतीले अंड्याचे ट्रे चिकटवले हाये, त्याले स्टुडिओ म्हणते. त्याच खोलीत मी एकदा एका सरकारी हपिसाचं काम केलं. ते साल असं होतं की बोंडअळीनं वावरंच्या वावरं खाल्ले, अन् उरलं ते पावसानं. गावाईत माणसं गुमसुम होऊन बसले होते. जाहिरात अशी होती, 'एकटं वाटत असन त बोला, आमी ऐकतो.' खाली फोन नंबर. साहेबाले एक आवाज पुरेना. म्हणे बुढ्याचा पाहिजे, बाईचा पाहिजे, तरण्या पोराचा पाहिजे. मी पाच आवाजात म्हटलं, 'बोला, आमी ऐकतो.' ऑटो तालुका फिरला. त्या नंबरावर खरंच कोणी ऐकते काय, हे मले कोणी विचारलं नाई. मी बी कोणाले विचारलं नाई.

धंद्याचा एक नेम सांगतो, कारण गडबड तठीच झाली. मी ज्याइच्यापाशी शिकलो ते दर्यापूरकडचे जुने नकलाकार. त्याईनं नेम घालून देल्ला होता. जित्या माणसाचा आवाज घेतला, की दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाचं, त्याचाच आवाज त्याले ऐकवाचा अन् त्याच्या घरचा चहा पेऊन याचं. याले आमी 'आवाज परत करणं' म्हणतो. माणूस हसला त आवाज आपला. तोंड उतरलं त आवाज तठीच ठेवून निंघून याचं, मंग तो कितीक भारी जमला असो.

असाच मले गफ्फार चाचाचा आवाज भेटला.

चाचा पिंजारी. आमच्या मांगच्या गल्लीत गादी-रजईचं दुकान, समोर दुकान अन् मांगं घर. चाची जाऊन सहा-सात साल झाले. एकच पोरगी, शबाना, अंजनगाव सुर्जीले देल्ली. ती येताना अंजनगावचे पानं आणे, अन् चाचा ते पान गालात धरून आठ दिवस पोरीचं कवतिक सांगे. दुकानात मशीन होती, पण लग्नाची गादी असली की चाचा मशीनीले हात लावे नाई. भिंतीवरचं पिंजण काढे. पिंजण म्हंजे लाकडाचं लंबं धनुष्य, त्याले तांत, म्हंजे आतड्याची पक्की दोरी, बांधलेली. लाकडी मुठीनं तांतीवर मारलं की कापूस फुलून वर उडते. त्या तांतीचा आवाज काढाचा मी दहा साल प्रयत्न केला. नाई म्हंजे नाई जमला. गल्लीतले पोट्टे मले स्टेजवर मुद्दाम ओरडून सांगत, "रेडिओ, पिंजण कर पिंजण!"

पण चाचा जमला होता. जन्मभर रुईत, म्हंजे पिंजलेल्या कापसात, बसलेला माणूस. तोंड उघडाच्या आंधी ओठावरून उलटा हात फिरवे अन् हलकेच फुंके, 'फू'. मंग बोले. सकाळी ऊन निंघालं की दुकानाच्या पायरीवर उभा राहून साऱ्या गल्लीले हाळी दे, "फू! धूप निकली है, गादी बाहर डालो रे!" मी आवाज परत कराले गेलो त चाचानं पुरा ऐकला. म्हणे, "फू जरा कम कर. मैं इत्ता नई फूंकता." मी म्हटलं, "चाचा, तुमी याच्याहून जास्त फुंकता." त्यानं ओठावरून हात फिरवला, फुंकलं, अन् आपणच पकडला गेला म्हणून चहा सांडेपर्यंत हसला.

मंग लॉकडाऊन आला.

साड्या बंद, लग्नं बंद, बकऱ्या हरवणंही बंद. एकच काम राह्यलं, 'घरातच राहा, बाहेर पडू नका.' त्याचा मले पास भेटला, अन् ऑटोही मीच चालवो. जिंदगीत पह्यल्यांदा लोक भोंग्याचं ऐकून राह्यले होते. खरेदी बंद होती म्हणून खेड्यात घराघरात कापूस छताले टेकला होता. लोक त्याच्यावरच झोपे अन् आंग खाजवत उठे. अन् इकडं लग्नं नाई, गाड्या नाई, त पिंजाऱ्याच्या घरात बोंडभर कापूस नाई.

आमच्या गल्ल्यांचा व्हॉट्सअप ग्रुप होता, सत्तरेक लोक. आंधी त्यात फक्त गुड मॉर्निंगचे गुलाब येत. मी सहज एक दिवस सकाळी व्हॉइस नोट टाकली, 'आजचा बाजार'. शटर वर जाते त्याचा खडखडाट, चहावाला, भाजीवाली, बसस्टॅंडवरची अनाउन्समेंट, अन् शेवटी चाचाचं 'धूप निकली है'. ग्रुपात नुसता दंगा. दुसऱ्या दिवशी फर्माइशी. लोक म्हणे सारे एकत्र नको, ज्याचा त्याचा वेगळा पाठव. मी पाठवले. रोज सकाळी माहा बाजार भरे.

गिऱ्हाईकं पाहा कशी. पुण्याले अडकलेली एक ताई म्हणे, मले फक्त अकोट बसस्टॅंड दे, त्यात मधी जो खर्र आवाज येते तो नको काढू. एक रिटायर तलाठी काका. त्याइचा शेजाऱ्याशी नालीवरून बारा सालाचा वाद, अन् शेजारी नागपूरले अडकला. म्हणे, "निलेश..." नाई, निलेश नाई, "रेडिओ, त्याच्या आवाजात मले काहीतरी वाकडं बोल बरं." मी म्हटलं, "नाली तुमची नाई, सरकारची हाये!" झालं. काका पाव घंटा फोनवर भांडले. नकाशा काय, सर्व्हे नंबर काय. शेवटी धापा टाकत म्हणे, "बरं वाटलं. उद्या याच टायमाले."

मले लई कुतूहल वाटे. माणूस एकटा पडला की त्याले काय पाहिजे असते? मले वाटलं होतं लोक गोड आवाज मागन, भजन मागन. कोणीच मागतलं नाई. साऱ्याइले कटकटीचे आवाज पाहिजे होते. अन् दुसरी गंमत, दिवसभर जो तो फोन हातात घेऊन बसलेला, पण फोन कोणी कोणाले करत नाई. काहून करन? ग्रुपात दिसूनच राह्यला की तो बरा हाये. अंगठा टाकते, हसणारं तोंड टाकते, म्हंजे चांगलाच असन.

व्हॉट्सअपमधी एक सोय हाये. आपल्या नोटवर बोट दाबून धरलं की ती कोणी कोणी ऐकली ते दिसते. मी रोज पाहो. कोण पह्यले ऐकते, कोण दुपारी. गफ्फार चाचा रोज ऐके. लिहे काही नाई, अंगठाही नाई, पण ऐके. मले वाटे, चाचा खुश हाये. मंग त्याच्या गल्लीत एक पेशंट निंघाला अन् गल्लीच्या तोंडाले बल्ल्या बांधल्या. चहाले जाणं जमणार नव्हतंच. मी मनाशी म्हटलं, रोज ऐकून राह्यले न, मंग आवाज परत केल्यासारखाच झाला. नेम मी असा मोडला, अन् मोडला हे मले समजलंही नाई.

एक दिवस सकाळी नवीन नंबरवरून फोन.

"भैय्या, मी गफ्फार पिंजाऱ्याची शबाना बोलून राह्यली, अंजनगाववरून. तुमच्या ग्रुपातली मंगला माही मैत्रीण, तिनं नंबर देल्ला तुमचा. तुमी त्या गल्लीच्या ग्रुपात हाये ना?"

"हाव ताई, मीच त चालवतो."

"मंग अब्बूले येवढं सांगा, पोरीचा फोन उचला म्हणा. बारा दिवस झाले. घंटी जाते, उचलत नाई. गल्लीले रोज सकाळी 'गादी बाहर डालो' म्हणते, अन् माह्याशी बोलाले तोंड दुखते काय?"

ती बोलतच होती. सारं बंद व्हाच्या आंधी ती बापाले न्याले आली होती. चाचा दुकान सोडून आला नाई. ती रागानं म्हणून गेली होती, "बसा मंग तुमची रुई घेऊन." मंग जिल्ह्याची हद्द बंद झाली. अकोट ते अंजनगाव, एसटीनं घंटाभराचा रस्ता, त परदेश झाला. सुरवातीले चाचा फोनवर 'ठीक हूं' म्हणून ठेवून दे. मंग तेही बंद.

"माहं तेच बोलणं धरून बसले भैय्या," ती म्हणे. "मी म्हटलं, नाई बोलत त नको बोलू. मंगला रोज त्याइचा आवाज पाठवते, तो ऐकून समाधान राहते. तब्बेत त चांगली हाये, हसून राह्यले."

मंगलानं पाठवला होता गंमत म्हणून, रेडिओची नक्कल म्हणून. शबानानं ऐकला बाप म्हणून.

पाच आवाजात बोलणारा मी, एक आवाज निंघेना. "ताई," म्हटलं, "तो मी हाये."

"काय?"

"तो आवाज. तो चाचा नाई. मी काढतो."

मंग ती हळूच म्हणे, जशी स्वतःलेच, "मले समजाले पाहिजे होतं. धंदा बंद हाये, घरात रुई नाई. मंग अब्बू फू कशाले करन?" अन् मंग म्हणे, "भैय्या, त मंग बारा दिवस माहे अब्बू बोलले कोणाशी?"

मी ऑटो काढला.

गल्लीच्या तोंडाशी होमगार्ड बसलेला. म्हटलं, गफ्फार चाचाले पाह्यलं काय? म्हणे, "चाचा? एकदम मस्त. मी रोज ऐकतो ना, हे पाहा," अन् त्यानं मलेच माही नोट ऐकवली. चाचाच्या शेजारच्या खिडकीतून बाई म्हणे, "हाये की घरात. सकाळीच त आवाज आला त्याचा." आला असन. भिंतीपलीकडं चाचा फोन लावून ऐकत असन. चाचाच्या दारापुढं वाटपाच्या तीन पिशव्या पडून होत्या. एकीतल्या बटाट्याले कोंब फुटले होते. होमगार्डनं त्या पाह्यल्या, माह्याकडं पाह्यलं, अन् काही न बोलता बल्ली वर उचलली.

मी मास्क बांधून खिडकीशी गेलो. आतून आवाज येऊन राह्यला होता, 'फू! धूप निकली है!' तो माहाच होता. मी गज वाजवला.

"कौन?"

"रेडिओ, चाचा."

"कौनसा? एक तो अंदर बज रहा."

चाचा गादीवर बसला होता. दाढी वाढलेली, सदऱ्यात माणूस अर्धाच उरलेला. ओठावरून हात फिरवला नाई, फुंकलं नाई. बोलला त आवाज असा, जसा खोल डब्यातून. मी दहा सालात चाचाले रुईशिवाय बोलताना पाह्यलंच नव्हतं.

"जेवले काय चाचा?"

"मैं एकदम मस्त." त्यानं फोन माह्याकडं केला. "तेरेकू नई मालूम? सुन. तलाठी हसा, मंगला हसी, पूरी गल्ली हसी."

"चाचा, पिशव्या बाहेर पडून हाये."

"रहने दे." मंग जरा थांबून म्हणे, "एक बार दिल किया, मैं भी बोल के भेजूं. कौनसा बटन दबाना, समझ्या नई. फिर सोच्या, गफ्फार तो है ग्रुप में. अच्छा बोलता, खुश रहता. ये दुसरा किस काम का?"

मी म्हटलं, "शबानाताईचा फोन काहून उचलत नाई?"

"उसने लिख के भेज्या था. 'अब्बू, मेरे से बात मत करो, पर रोज ऐसेच हसते रहो.'" चाचा फोनकडं पाहत राह्यला. "मैं उठाता तो ये आवाज सुनती. रोती. पैदल निकलती हद्द पार करके. मैं बोल्या, जाने दो, उसके पास अच्छेवाला अब्बू है."

"आता नाई हाये," मी म्हटलं. "तिले मी सांगतलं, तो मी होतो म्हणून."

चाचा ताडकन उठला. "काहून सांगतलं बे तुनं?" एरवी माह्याशी हिंदीत बोलणारा चाचा रागात मराठीत आला. "लेकरू खुश होतं न तिकडं! तुहं काय जात होतं?"

"तिनं एकच विचारलं चाचा. बारा दिवस अब्बू कोणाशी बोलले म्हणे."

त्यानं फोन गादीवर ठेवला. मंग म्हणे, "चाय पिएगा? तेरा वो कायदा है ना, आवाज वापस करने का. इस बार बहुत दिन लगाया."

दूध नव्हतं. काळा चहा केला अन् गजातून गिलास देल्ला. मी दारापुढची पिशवी उघडून बिस्किटाचा पुडा आत देल्ला. चाचानं दोन बिस्किटं बुडवून खाल्ली, मंग पुडाच संपवला. मी खिडकीतून माहा फोन आत धरला, म्हटलं, "बोला चाचा ग्रुपले. मी बटन दाबतो."

चाचा फोनच्या लई जवळ आला. "सलाम. मैं गफ्फार. ठीक हूं मैं." येवढंच. मी पाठवलं.

माह्याच फोनवरून पाठवलं, हे ध्यानातच आलं नाई.

ग्रुप जागाच होता.

'आज नाई जमलं रेडिओ.'

'चाचाचा आवाज येवढा पतला नाई बावा.'

'फू कुठंय बे? फू विसरला!'

अन् तलाठी काका, 'दहापैकी तीन.'

मी फोन लपवाले गेलो, त चाचा म्हणे, "क्या लिखा? पढ." वाचावं लागलं. मले वाटलं, आता हा माणूस कायमचा खिडकी लावून घेते. चाचानं ऐकून घेतलं अन् डोळे बारीक केले.

"तीन? मेरेकू तीन? मेरी आवाज, और मेरेकूच तीन?"

"चाचा, लोकाईले वाटलं मी..."

"रुक."

त्यानं भिंतीवरचं पिंजण काढलं. तांत बोटानं ताणून पाह्यली. इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, घरात रुई कुठं? मंग स्वतःच्या डोक्याखालची उशी ओढली, शिवण दातानं तोडली अन् सारा कापूस जमिनीवर वतला. पिंजण धरलं अन् मूठ हाणली.

तंय्य.

मी बटन दाबून धरलं होतं. तंय्य, तंय्य, तंय्य. उशीचा दबलेला कापूस फुगला, उठला, खिडकीतून आलेल्या उनात उडाला. चाचाच्या दाढीवर बसला, भुवईवर बसला, ओठावर बसला. त्यानं उलटा हात फिरवला.

"फू! धूप निकली है रे, गादी बाहर डालो!" अन् जरा दम घेऊन, "और शब्बो, फोन कर बेटा."

पाठवलं. ग्रुपवर अन् अंजनगावलेही.

ग्रुपात कोणीच काही लिहेना. पिंजणाचा आवाज मले जमत नाई, हे साऱ्या गल्लीले पक्कं माहीत होतं. मंग शेजारची खिडकी उघडली. तीच बाई बाहेर वाकली, "चाचा? तुमीच हाये काय?" चाचा आतून ओरडला, "नई, दहापैकी तीन है!" फोनवर तलाठी काकाचं आलं, 'दहापैकी दहा. पण हा रेडिओ नाई.'

तेवढ्यात चाचाचा फोन वाजला. पडद्यावर नाव, शब्बो. चाचा फोनकडं पाहे, माह्याकडं पाहे. घंटी वाजतच होती. त्यानं फोन गजातून माह्याकडं केला. "तू बोल. मेरी आवाज में. तू अच्छा बोलता."

"नाई चाचा," म्हटलं, "मले जमत नाई."

त्यानं फोन कानाले लावला. ओठावरून हात फिरवला. या टायमाले ओठावर खरंच रुई होती.

कान हा माहा धंदा हाये. कोणी कसं रडते, कुठं थांबते, हे मी कधी सोडत नाई. त्या दिवशी मी खिडकीपासून निंघालो अन् ऑटोपर्यंत चालत गेलो. काही ऐकू येऊ नये म्हणून ऑटो चालू केला, त संगं भोंगाही चालू झाला, 'घरातच राहा, बाहेर पडू नका.' मी पटकन तो बंद केला.

त्याच्यानंतर चाचाचा आवाज मी काढला नाई. काढाची गरजही नव्हती. दुसऱ्या दिवसापासून चाचा स्वतःच नोट पाठवे, बटन होमगार्डनं शिकवलं. कधी आवाज चांगला लागे, कधी पार बसलेला. ग्रुपवाले मार्क देत. सात, पाच, कधी चार. चार भेटले त शेजारची बाई दार वाजवून विचारे, काय झालं चाचा? एक दिवस सहाच्या वर गेले नाई त चाचा तलाठी काकाशी भांडला. काकाइले माहं काम उरलं नाई.

हद्द उघडल्यावर शबाना आली. मले भेटाले आली नाई. मंगलाच्या हातानं पानाचा एक पुडा पाठवला, बास. मी तिले राग आला काय हे विचारलंही नाई, अन् माफीही मागतली नाई. दोन्ही कराले पाहिजे होतं.

सालभरानं त्या सरकारी हपिसातून परत फोन आला. जाहिरात नव्यानं कराची हाये म्हणे, तेच वाक्य, 'बोला, आमी ऐकतो', या टायमाले सात आवाजात. मी म्हटलं, साहेब, आंधी नंबर द्या. पाहू द्या कोणी ऐकते काय. साहेब म्हणे, तुमाले काय करायचं? म्हटलं, कुतूहल हाये.

जठारपेठेच्या त्या अंड्याच्या ट्रेवाल्या खोलीत बसून मी नंबर लावला. मनात होतं, कोणी उचलणारच नाई, मंग साहेबाले मस्त सुनावतो. दुसऱ्या घंटीले एका बाईनं उचलला. साधा आवाज, थकलेला, पण घाई नसलेला.

"बोला," ती म्हणे.

माह्याजोळ बोलाले काहीच तयार नव्हतं. बुढ्याचा आवाज काढावा काय, तरण्या पोराचा काढावा काय, मनात आलं. घशापर्यंत आलं. ती थांबून होती.

"हॅलो? कोण बोलून राह्यलं?"

मी ओठावरून उलटा हात फिरवला.

"निलेश," म्हटलं.